उन्हाचं वाटप : वऱ्हाडातून हवामानबदलाकडे पाहताना

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात १४४ कलम लागलं. अकोलेकरांना हा आकडा नवा नव्हता. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात शहरात दंगल उसळली तेव्हाही तो लागला होता. या खेपेला मात्र कुणी दगड उचलला नव्हता. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता, एवढंच कारण. मजुरांना भर उन्हात राबवू नका, कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी आणि पंखे ठेवा, खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत आटपा नाहीतर संध्याकाळी पाचनंतर घ्या, असं त्या आदेशाचं सांगणं होतं.

वऱ्हाडाला उन्हाचं अप्रूप नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून, घरी येऊन कैरीचं पन्हं पिऊन इथल्या कित्येक पिढ्यांनी नवतप्याचे नऊ जळते दिवस काढले. अकोल्यानं ४७ अंशही पाहिले आहेत. तरी उन्हासाठी जमावबंदीचं कलम वापरण्याची पाळी यावी, ही गोष्ट लहान नाही. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं हा आपला लाडका समज त्या सरकारी कागदानं नकळत खोडून काढला. शिकवणीला जाणाऱ्या पोराची वेळ बदलली. कारखान्यातल्या मजुराला निदान कागदावर पंखा मिळाला. पण पहाटे दहा-बाराजणींबरोबर ऑटोत कोंबून बसून परगावच्या वावरात जाणाऱ्या, मे महिन्यात पऱ्हाटीची धसकटं वेचणाऱ्या बाईचं काय? तिचा मालक रोज वेगळा. तिच्या कामाच्या जागेला छत नाही, तर पंखा टांगायचा कशाला? धुऱ्यावरचं बाभळीचं एक झाड, आणि त्या सावलीत तिनं किती वेळ बसायचं हे ज्याचं वावर तो ठरवणार.

या प्रस्तावनेचा विषय इथूनच सुरू होतो. हवामानबदलाला तोंड देणं आणि चांगला समाज घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत असं आपण धरून चालतो. पहिलं शास्त्रज्ञांचं आणि सरकारांचं, दुसरं संतांचं आणि समाजसुधारकांचं. मला हे पटत नाही. वऱ्हाडात तरी हवामानबदल हा मुळात वाटपाचा प्रश्न आहे. पाणी कुणाला, सावली कुणाला, वीज कधी आणि कुणाला, बुडीत पिकाचा भार कुणाच्या डोक्यावर, हे नीट लावल्याशिवाय तापमानाशी झुंज देता येणार नाही. आणि ते नीट लागलं, तर आदर्श समाज म्हणून आपण ज्याचा जप करतो त्याच्याकडे पाऊल आपोआप पडलेलं असेल.

हे सगळं मी बडनेऱ्यातून का मांडतो आहे? अमरावतीला येणाऱ्या परगावच्या माणसाला बडनेरा म्हणजे फक्त उतरायचं स्टेशन वाटतं. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, रुळांच्या अलीकडे-पलीकडे जुनी वस्ती आणि नवी वस्ती. पण या स्टेशनाभोवती तीस-चाळीस किलोमीटरचा फेर धरला तर हवामानबदलाची सगळी प्रकरणं त्यात सापडतात. एका अंगाला कोंडेश्वराच्या टेकड्या आणि पोहरा-मालखेडचं जंगल. पश्चिमेला भातकुली, आणि तिथून पुढे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावतीच्या पलीकडे नांदगावपेठेत कोळशावर चालणारं वीज केंद्र. मध्ये कापूस, तूर आणि सोयाबीनचं काळं रान. जंगल, खारं पाणी, कोळसा आणि कोरडवाहू शेती एकमेकांच्या इतक्या जवळ फार ठिकाणी नसतील.

शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते आता वादाचं उरलेलं नाही. औद्योगिक युगाच्या आधीच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी सरासरी १.१ अंशानं तापलेली होती. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानं वाढल्याचं केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. पाऊण अंशानं काय होतं, असं कुणी विचारेल. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते ती जास्त दिवस धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. आमच्याकडचा शेतकरी हेच कमी शब्दांत सांगतो. 'पानी येत नाही तं येतच नाही, अन् येते तं वावर खरडून नेते.'

सातशे-आठशे मिलिमीटर सरासरीचा हा मुलूख. मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, पेरलेलं करपतं, दुबार पेरणी होते. बियाण्याचा पैसा दोनदा, आणि दुसऱ्यांदा तो बहुधा कृषी केंद्राच्या उधारीवर. मग जुलैत एका रात्रीत नाले गावात शिरतात, जसे २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेच्या काठी शिरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. विम्याचा अर्ज, पंचनामा, तलाठ्याची वाट पाहणं, हे सगळं सातबारा नावावर असलेल्याचं दुःख. सोंगणीची मजुरी ज्यांची बुडाली त्यांचा पंचनामा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता थोडं मागे जातो, कारण या गोष्टीचा उगम जितका दूरचा सांगितला जातो तितका तो नाही. १८५३ च्या तहानं निजामाचं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, आणि त्याच वर्षी मुंबई-ठाणे गाडी धावली. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि साहेबाची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळली. रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचले. इथला कापूस त्या रुळांवरून मुंबईला आणि तिथून जहाजानं ज्या गिरण्यांत गेला, त्या कोळशावर चालत होत्या. आज ज्या धुराचा हिशेब जग मांडतंय, त्या धुराच्या पहिल्या चुलीत वऱ्हाडचा कापूस गेला आहे. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणायचे ते याच तेजीच्या आठवणीनं. कुऱ्हाड कुणाच्या पायावर पडली हे म्हणीत सांगितलेलं नाही.

ते शतकाच्या शेवटी कळलं. १८९६ मध्ये स्वीडनचा स्वांते अरेनियस कोळसा जाळल्यानं पृथ्वी किती तापेल याचं गणित कागदावर मांडत होता. त्याच सुमाराला वऱ्हाडात पाऊस दगा देत होता, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ तर लोकांच्या बोलण्यात 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून राहिला. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचं नातं एका संपूर्ण ग्रंथात तपासलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नगदी पिकाखाली जमीन गेली, गावाची राखीव कुरणं-राई गेली, धान्याची जुनी साठवण मोडली, आणि मग पाऊस चुकताच गरीब माणूस उघडा पडला. रेल्वेनं धान्य येऊ शकत होतं. ते विकत घ्यायला मजुरी नव्हती. पाऊस चुकणं आभाळाच्या हातचं, पण कोण मरायचं हे जमिनीवरच ठरतं. ही गोष्ट वऱ्हाडाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आदर्श समाज हा शब्दही इथं बाहेरून आलेला नाही. शेणगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, सदावर्तं चालवली. त्यांचा शेवटचा श्वास १९५६ मध्ये वलगावला पेढी नदीजवळ थांबला. ती पेढी आज पावसाळा सोडला तर जेमतेम वाहते. यावलीचे तुकडोजी महाराज १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारून बसले आणि १९५५ मध्ये त्यांनी ग्रामगीता दिली. गाव हाच देव मानून त्याची स्वच्छता, श्रम, शेती, शिक्षण, न्याय यांचा विचार करणारा असा ग्रंथ दुसऱ्या कुठल्या मुलखात इतक्या घरांत पोचला असेल असं मला वाटत नाही. पापळचे पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तिच्यात हेच पंजाबराव पुढे होते, आणि तिच्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर अमरावतीला आले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं होतं.

इथं एक पेच आहे आणि तो मला लपवायचा नाही. तुकडोजींचा आदर्श समाज गावातून उगवतो. आंबेडकरांचा गावावर विश्वास नव्हता. १९३६ च्या 'जातिसंहार' या निबंधात त्यांनी आपला आदर्श समाज स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभा केला, आणि गावगाड्यात नेमक्या याच तीन गोष्टींना जागा नव्हती. दोघांच्या तसबिरी आज एकाच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असतात. त्यांच्यातल्या वादावर मात्र कुणी बोलत नाही. हवामानाच्या कामात त्यावर बोलावंच लागतं. योजना गावाच्या नावानं येते. गाव म्हणजे कोण, हा प्रश्न त्या योजनेच्या पहिल्याच बैठकीत उभा राहतो, मग कुणी तो विचारो वा न विचारो.

खारपाणपट्ट्याकडे वळतो. हे प्रकरण जरा निवांत पाहण्यासारखं आहे.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरला आहे. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पुढे शेगाव-संग्रामपूरपर्यंत. जमीन पाहावी तर नजर ठरत नाही इतकी सपाट आणि काळी. विहीर खणावी तर पाणी लागतं, पण खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिकाला दिलं तर पहिल्या वर्षी पीक हसतं, मग जमिनीवर पांढरी खपली धरते, माती घट्ट होते, पाणी वर तुंबतं आणि खाली जात नाही. म्हणजे हाताशी पाणी आहे आणि ते वापरणं हाच अपराध. अकोट-तेल्हारा भागात पिण्यासाठी वान धरणावरची चौऱ्याऐंशी खेडी योजना झाली. ती येण्याआधी आणि नळ कोरडे पडले की आजही, गोडं पाणी आणणं हे घरातल्या बाईचं काम.

या जमिनीत जुन्या शेतकऱ्यांनी एक शहाणपण जपलं होतं. पावसाळ्याची ओल त्या चिकण मातीत मुरवून ठेवायची आणि रब्बीत, एकही पाणी न देता, त्या ओलीवर हरभरा काढायचा. दव आणि ओल, एवढ्यावर हरभरा येतो. पण त्यासाठी पाऊस जिरावा लागतो, आणि धो-धो कोसळणारा पाऊस जिरत नाही, पळतो. हवामानबदलानं या शहाणपणाच्या मुळावरच घाव घातला. उपाय पुन्हा मातीतच सापडतो. चिकण मातीतून पाणी सहज झिरपत नाही, म्हणून इथं शेततळं बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या कागदाविना पाणी धरतं. पळणारा पाऊस त्यात अडवायचा, सप्टेंबरात ताण पडला की कपाशीला एक पाणी, डिसेंबरात हरभऱ्याला एक. दोन पाण्यांत पिकाचा नूर बदलतो. रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि उघाडीत तीच सरी ओल पुरवते. उताराला आडवी पेरणी, धुऱ्याची दुरुस्ती, डवऱ्याच्या फेरात सऱ्या पाडणं. यात नवलाचं काही नाही. यातलं बरंच आजोबांना माहीत होतं.

राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीनं २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबवला, लोकांच्या तोंडी 'पोकरा'. सुमारे चार हजार कोटींचा, १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांसाठी, आणि त्यात खारपाणपट्ट्यातली नऊशेहून अधिक गावं. हवामानाला तोंड देणारी शेती हाच ज्याचा उद्देश आहे असा एवढा मोठा प्रकल्प महाराष्ट्रात आधी झाला नव्हता. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, गावची कृषी संजीवनी समिती बसवायची, मग कामं ठरवायची, ही पद्धत उत्तमच. अनुदान थेट खात्यात. पण आधी खर्च करा, मग अनुदान मिळेल, अशी चाल असली की ज्याच्या गाठीला पैसा तोच आधी तळं खणतो. आणि ज्याला जमीनच नाही त्याला शेततळं काय द्यायचं? गावातलं पाणी वाढलं, पिकं सावरली, तर त्यालाही चार दिवस जास्त काम मिळतं, असं उत्तर येतं. ते खोटं नाही. पण पाझरत येणाऱ्या न्यायावर समाज उभा करायचा असेल तर त्याला आदर्श म्हणू नये.

वरुड-मोर्शीकडे वाटपाची दुसरी बाजू दिसते. संत्र्याच्या बागांनी तिथं वैभव आणलं आणि बोअरवेल पाताळात गेल्या. भूजलाच्या मोजणीत हे तालुके अतिशोषित ठरले. एकानं नऊशे फूट खणलं की शेजारच्याची तीनशे फुटांची विहीर कोरडी, मग त्यानंही कर्ज काढून खणायचं. जमिनीखालचं पाणी सातबाऱ्याच्या रेघा ओळखत नाही, आपला कायदा आणि आपली वृत्ती मात्र त्या रेघांवरच चालते. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांत वरुड होता. लोकांनी उन्हातान्हात श्रमदान केलं. त्या श्रमाला नमस्कार. पण पाणी अडवण्याची जिद्द जितकी दिसली तितकी ते मोजून उपसण्याची दिसली नाही. अडवणं हा उत्सव होऊ शकतो. उपशावर मर्यादा घालताना शेजाऱ्याशी भांडण होतं, म्हणून ती घालायला कुणी धजत नाही.

भांडण न टाळता काय होतं ते पायविहीरला पाहावं. अचलपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे छोटं आदिवासी गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्यांना सुमारे १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते जंगल नावालाच जंगल होतं. 'खोज' या संस्थेच्या सोबतीनं गावानं चराईवर, तोडीवर स्वतःच बंधनं घातली, मृद-जलसंधारणाची कामं रोजगार हमीतून केली, सीताफळं राखली आणि ती दलालाला न देता स्वतः शहरात आणून विकली. २०१४ चा भारत जैवविविधता पुरस्कार त्यांना मिळाला. मला पुरस्कारापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. तिथं जंगल वाचवा असं सांगायला कुणी बाहेरून आलं आणि लोक सुधारले, असं झालं नाही. आधी हक्क आला, मग राखण आली. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला निसर्ग जपायला सांगणं ही शहरी माणसाची जुनी खोड. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढणाऱ्यांना पायविहीरची सहल घडवायला हवी.

नांदगावपेठेचा विषय काढला की आमच्याकडे माणसं जपून बोलतात. १३५० मेगावॉटचं औष्णिक केंद्र तिथं आहे. ते उभं राहत असताना अप्पर वर्धा धरणाचं पाणी त्याला देण्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, प्रकरण न्यायालयातही गेलं. सिंभोऱ्याचं हे धरण सिंचनासाठी आणि अमरावती-बडनेऱ्याच्या पिण्यासाठी. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर करावं लागलं, त्यांतलाच अमरावती हा एक जिल्हा. तिथलं सिंचनाचं पाणी कोळसा जाळून वाफ करायला जावं, याला विकासाच्या कुठल्या व्याख्येत बसवायचं? वीज नको असं मी म्हणत नाही. रात्री बारानंतर येणाऱ्या थ्री फेजसाठी हातात बॅटरी घेऊन, सापाच्या भीतीनं ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याला वीज हवीच आहे, फक्त दिवसा. म्हणून शेताजवळच सौर ऊर्जा तयार करून दिवसा पंप चालवण्याच्या योजना मला मोलाच्या वाटतात. ऊन इथं फुकट आहे. त्यातून कार्बन किती वाचला याचा हिशेब तज्ज्ञ मांडतील. शेतकऱ्याला रात्रीची झोप मिळाली, हा हिशेब मी मांडतो. सौर पंपानं दिवसभर फुकट उपसा होऊन भूजल आणखी खाली जाईल, ही शंकाही रास्त आहे, आणि तिचं उत्तर पुन्हा उपसा मोजण्यातच आहे.

शहराबद्दल थोडंच. बडनेऱ्याच्या वस्त्यांत टिनाच्या छपराखाली मे महिन्यातली रात्र काढणं हे दिवसाच्या उन्हापेक्षा वाईट. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कुलर हा वऱ्हाडाचा आधार, पण त्याला पाणी लागतं, आणि नळ दिवसाआड आला की आधी हंडे भरायचे की कुलर, हे ठरवावं लागतं. अहमदाबादनं २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. दवाखान्यात वेगळ्या खाटा, आधीच दिलेला इशारा, पुढे पांढऱ्या चुन्यानं रंगवलेली छपरं, एवढ्या साध्या गोष्टी त्यात होत्या. आपल्याकडे असे आराखडे होतात, बैठका होतात. मालधक्क्यावर पोती वाहणाऱ्या हमालापर्यंत त्यातलं काय पोचलं, हे मालधक्क्यावर जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. आपला धूर किती? भारतीय माणसाचं वर्षाचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन साधारण दोन टन, अमेरिकी माणसाचं त्याच्या सहा-सात पट. मग पाप त्यांचं आणि प्रायश्चित्त आपण का घ्यायचं? हा राग खरा आहे. शर्म-अल-शेखच्या २०२२ च्या हवामान परिषदेत गरीब देशांच्या नुकसानीसाठी निधी मान्य झाला तो असाच राग वर्षानुवर्षं मांडत राहिल्यामुळे. पण तोच न्याय जरा आपल्या अंगणात लावून बघू. जगाच्या पंगतीत उरलंसुरलं आपल्या पानात पडतं म्हणून आपण ओरडतो, आणि गावच्या पंगतीत ज्याचं पान शेवटी मांडलं जातं त्याच्याकडे वाढपी फिरकतच नाही. धसकटं वेचणाऱ्या बाईचा धूर तर दोन टनांच्याही कितीतरी खाली. अमेरिका आपल्याला जे देणं लागते ते आपण या बाईला देणं लागतो. हे मान्य करायला आपण तयार नसू, तर जागतिक व्यासपीठावरचं आपलं बोलणं पोकळ ठरतं.

या विषयावर पुढे जे वाचाल, ऐकाल, त्यात आकडे भरपूर येतील. राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानाचे गुण येतील, हेक्टर, कोटी, टन येतील. त्या प्रत्येक आकड्याला एकच विचारा, हे कुणाच्या वाट्याला आलं? काहींना वाटेल की मी निसर्गाचा प्रश्न माणसांच्या भांडणात ओढतोय. ओढतोयच. वितळणाऱ्या हिमनद्यांची काळजी मलाही आहे, पण वऱ्हाडात बसून मला हिमनदीवर काही करता येत नाही. गावाच्या पाण्यावर येतं.

१ मेला ग्रामसभा असते. बहुतेक ठिकाणी ती सही घेऊन संपते. यंदा थोडं थांबा. गावात किती पाणी पडलं, किती उपसलं आणि कुणी उपसलं, याचा ताळेबंद मोठ्यानं वाचायला लावा. भूमिहीन घरांसाठी हवामानाच्या कुठल्या योजनेतून काय आलं ते विचारा, आणि काहीच आलं नसेल तर तसं कार्यवृत्तात लिहून घ्या. मे महिन्यात दुपारी बारा ते चार मजुरी बंद आणि मजुरी पूर्ण, असा ठराव मांडा. बडनेऱ्यात राहणाऱ्यांची ग्रामसभा नाही, त्यांनी उष्णतेच्या आराखड्याची प्रत महापालिकेकडे मागावी आणि ती घेऊन आधी मालधक्क्यावर जावं.